होडी हाच काठ

शिरूर तालुक्यातले रांजणगाव सांडस आणि दौंड तालुक्यातली वाळकी यांच्या शिवेवर मुळा-मुठा भीमेला मिळते. पुणे शहरातून आलेली नदी इथे आपले नाव सोडते आणि पुढचा प्रवास भीमा म्हणून करते. दौंड ओलांडले की तिचा वेग हळूहळू मोडतो, पात्र पसरत जाते आणि उजनी धरणाचा फुगवटा सुरू होतो.

या पट्ट्यातली पोरे पोहायला शिकतात ती बहुतेक विहिरीत. पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचे टोक वर उभ्या असलेल्या चुलत्याच्या हातात. एक-दोन उन्हाळ्यांत डबा सुटतो, मग दोर सुटतो, मग मुटके आणि सूर सुरू होतात. हे शिक्षण फार मोलाचे आहे. पाण्याची भीती घालवणे, श्वास सांभाळणे, हातपाय न झाडता तरंगणे हे सगळे विहीर शिकवते.

पण विहिरीत शिकलेल्या माणसाला एक सवय नकळत लागते. कुठेही दमला तरी वीस-पंचवीस फुटांवर भिंत आहे, तिच्यातला एखादा दगड धरता येतो, पायरी आहे, वर माणसे आहेत. हा भरवसा इतका अंगवळणी पडतो की तो वेगळा जाणवतही नाही. हाच माणूस एखाद्या रविवारी होडीतून धरणाच्या मध्यावर जातो, शर्ट काढतो आणि उडी मारतो. हात तेच, पाय तेच, पाणीही पाणीच. काठ मात्र आता अर्ध्या-एक किलोमीटरवर असतो. धरता येईल अशी एकच गोष्ट जवळ असते, ती म्हणजे होडी. आणि ती एका जागी थांबत नाही.

या प्रकरणाचा सगळा मथितार्थ एवढाच आहे. उघड्या, खोल पाण्यात होडी हाच आपला काठ. तो काठ आपल्यापासून दूर जाऊ नये आणि जवळ आल्यावर त्यावर चढता यावे, एवढी सोय झाली तरच पाण्यात उतरावे. पुढे येणारा प्रत्येक नियम यातूनच निघतो.

उजनीचे पाणी समजून घेताना

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे, पण तिने अडवलेले पाणी इंदापूर, करमाळा आणि दौंड तालुक्यांपर्यंत मागे पसरते. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक हिस्सा मृतसाठा आहे, म्हणजे कालव्याच्या दारांतून बाहेर न येणारा. उन्हाळ्यात ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडे पडले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशीही निम्म्याहून अधिक पाणी तिथेच असते. शून्य टक्क्यांतल्या उजनीतही माणूस बुडू शकतो.

पाणी उतरले की पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर वर येते आणि ते पाहायला गर्दी होते. त्या मंदिरासारखेच कितीतरी काही पाण्याखाली आहे: जुन्या गावांचे चौथरे, बांध, विहिरी, वठलेल्या बाभळी. शिवाय मासेमारीची जाळी, शेतीच्या उपसा पंपांचे पाइप आणि काठाजवळ पाण्यातून गेलेल्या विजेच्या केबली. जलपर्णीचे पट्टे वाऱ्याबरोबर आज इथे तर उद्या तिथे असतात. त्यांत अडकलेल्या माणसाला हात मारायलाच जागा मिळत नाही. म्हणून जिथे रोज होडी चालवणारा स्थानिक मच्छीमार ‘इथे नको’ म्हणेल, तिथे वाद न घालता पुढे जावे. त्या पाण्याखाली काय आहे हे त्याच्या जाळ्याने अनेकदा फाटून त्याला सांगितलेले असते.

फुगवट्याच्या वर, रांजणगाव सांडसच्या बाजूला, नदी वेगळ्या प्रकारे फसवते. वाळूउपशाने पात्रात खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरते. वरून दिसणारा तो पांढरा फेस माणसाला आणि होडीलाही पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून खाली दाबतो. तिथून पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. आणि पावसाळ्यात आभाळ स्वच्छ असले तरी पाणी वाढते, कारण मुठेवर खडकवासला, भीमेवर चासकमान, भामेवर भामा आसखेड अशी धरणे वर आहेत. तिकडे सोडलेले पाणी काही तासांनी खाली पोहोचते. विसर्गाची बातमी आली असेल तर त्या दिवशी नदीत उतरायचे नाही. शहराचे सांडपाणी घेऊन येणारे संगमाजवळचे पाणी तसेही पोहण्याच्या लायकीचे नसते.

होडी का दूर जाते

चौघे मित्र होडीतून मध्यावर जातात. पाणी आरशासारखे शांत असते. इंजिन बंद करून चौघेही एकदम उड्या मारतात. दहा मिनिटांनी मागे वळून पाहतात तर होडी भलतीकडे.

ती कोणी नेलेली नसते. पाण्यातल्या माणसाचे फक्त डोके वर असते, वाऱ्याला धरायला तिथे काही नाही. रिकामी होडी मात्र हलकी होऊन आणखी वर उचललेली असते. तिची सगळी बाजू वाऱ्याला तोंड देते. अंगाला गार वाटेल एवढी झुळूकही तिला ढकलायला पुरते.

आता थोडे गणित करू. सराव नसलेला, पण बरा पोहणारा माणूस ताशी सुमारे दोन किलोमीटर वेगाने पोहतो. होडी ताशी एक किलोमीटर वेगाने सरकत आहे असे धरू. दहा मिनिटांत ती सुमारे १७० मीटर जाते. त्या क्षणी पोहायला सुरुवात केली तर दोघांतले अंतर ताशी एकच किलोमीटरने कमी होते. तिला गाठायला आणखी दहा मिनिटे आणि ३४० मीटर पोहणे लागते, तेही न थांबता. आणि वारा थोडा वाढून होडीचा वेग ताशी दोन किलोमीटर झाला, तर तो माणूस दिवसभर पोहला तरी होडी तितकीच दूर राहील. दमत जाणारा तो आहे, वारा नाही.

यावरून पहिला नियम येतो. होडी कधीही रिकामी सोडायची नाही. होडी चालवता येणारा एक जण तिच्यात थांबलाच पाहिजे. चौघे असतील तर तिघे पोहतील, एक थांबेल, नंतर पाळी बदलेल.

दुसरा नियम नांगराचा. नांगर टाकायचा तर दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा. दहा मीटर खोलीवर पन्नास मीटर दोर. आखूड दोराने नांगर उभा ओढला जातो आणि तळातून सुटतो. नांगर म्हणून बांधलेला दगड उजनीच्या गाळात सहज घसरतो, त्याच्यावर विसंबू नये. नांगर धरला की होडी थांबते, पण मग दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: पाण्याला ओढ असेल तर आता होडी जागेवर राहते आणि माणूस वाहत जातो. उतरण्याआधी एखादी वाळकी काडी किंवा पान होडीशेजारी टाकून दोन मिनिटे पाहावे. ते ज्या दिशेला जाईल त्याच्या उलट दिशेला पोहायला सुरुवात करावी. जाताना कष्ट पडले तरी चालेल, परतताना पाण्याने साथ दिली पाहिजे.

तिसरा नियम शेपटीच्या दोराचा. होडीच्या मागच्या बाजूला पंधरा-वीस मीटरचा दोर बांधून पाण्यात सोडायचा आणि त्याच्या टोकाला रंगीत, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधायचा. पाच लिटरचा कॅन जवळजवळ पाच किलोची उचल देतो. एका माणसाचे डोके पाण्यावर ठेवायला एवढी उचल पुरते, तो नुसता लोंबकळला नाही तर. हा दोर सुटल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचे नाही आणि इंजिन सुरू करण्याआधी तो वर ओढून घ्यायचा, नाहीतर पंख्यात गुंडाळतो.

चढता येते का?

पाण्यातून होडीत चढणे सोपे वाटते, पण ते तसे नाही. विहिरीत पायरी असते. तलावावर लोखंडी शिडी असते. होडीची कड पाण्यापासून दीड-दोन फूट वर असते आणि पायाखाली काहीच नसते. माणूस हातांनी कड धरून वर ओढतो तेव्हा पाय आपोआप होडीच्या बुडाखाली जातात, छाती होडीला चिकटते आणि सगळे वजन दंडांवर येते. पोहून दंड आधीच दमलेले असतात. भिजलेली जीन्स असेल तर आणखी अवघड. असे दोन-तीन प्रयत्न फसले की श्वास फुलतो आणि मनात भीती शिरते. होडीला हात लावून बुडालेली माणसे असतात, ती यामुळे.

चढण्याची एक पद्धत आहे. दोन्ही हातांनी कड धरायची, पण लगेच ओढायचे नाही. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, पालथे तरंगल्यासारखे. मग पायांनी जोरात पाणी मारत हातांनी कड खाली दाबायची आणि पोट कडेवर आणायचे. डोके आणि खांदे आत झुकवले की बाकीचे शरीर घसरत आत येते. चढायचे ते होडीच्या मागच्या टोकाकडून. बाजूने चढताना लहान होडी कलंडते, आणि आत बसलेला माणूस मदतीला त्याच बाजूला धावला तर उलटतेच. मदत करणाऱ्याने विरुद्ध बाजूला वजन ठेवावे.

प्रत्येकाला एवढी ताकद नसते. म्हणून शिडी. ती पाण्याखाली निदान दीड-दोन फूट गेली पाहिजे, नाहीतर पहिली पायरीच छातीपाशी येते. शिडी नसेल तर जाड दोराचा फास पायरीचे काम करतो. दोर होडीच्या मागच्या भागाला पक्का बांधायचा आणि पाऊल मावेल एवढा फास पाण्याखाली दोन फुटांवर सोडायचा. फासात पाय घालून ताठ उभे राहिले की कंबर कडेशी येते आणि दंडांचे काम पाय करतात. यासाठी खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या दोराचा.

चढताना इंजिन पूर्ण बंद असले पाहिजे, नुसते गिअरमधून काढलेले नव्हे. पंखा पाण्याखाली असतो, दिसत नाही, आणि त्याची जखम फार खोल असते. होडी घेऊन पोहणाऱ्याकडे यायचे तर वाऱ्याला तोंड करून अगदी सावकाश यावे आणि काही मीटर अंतरावर इंजिन बंद करून दोर टाकावा. वाऱ्याच्या पाठबळावर आलेली होडी माणसाच्या अंगावर जाते. मोठ्या लाँचवर इंजिन किंवा जनरेटर चालू असेल तर मागच्या बाजूला पाण्यात रेंगाळू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड पाण्यालगत साचतो, त्याला वास नसतो, आणि माणसाची शुद्ध हरपते.

थांबणाऱ्याचे काम

पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ म्हणजे जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या आणि खाड्या पोहून पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. नवी मुंबईच्या प्रभात कोळीने २०२३ मध्ये हीच सातही अंतरे पोहून पूर्ण केली. इंग्लिश खाडीसारख्या या पोहण्यांत जलतरणपटूला होडीचा आधार घेता येत नाही. होडीला हात लागला की प्रयत्न बाद. तरीही होडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या शेजारी चालते. ठरलेल्या वेळाने दोराने किंवा काठीने त्याला पेय दिले जाते, हातांची लय मोजली जाते, बोलणे अडखळते का ते ऐकले जाते. लय मंदावली किंवा उत्तर विसंगत आले तर पोहणे थांबवण्याचा निर्णय होडीतली माणसे घेतात. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर पोहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांबरोबरही अशीच होडी असते.

इतकी तयारीची माणसे होडीतल्या नजरेखाली पोहतात, मग सहलीला गेलेल्या आपण तर तसेच पोहले पाहिजे. होडीत थांबणाऱ्याचे काम विश्रांतीचे नाही. त्याने मोबाइल खिशात ठेवायचा, दर मिनिटाला डोकी मोजायची, आभाळ आणि वारा पाहायचा, हाताशी दोर तयार ठेवायचा. दारू प्यायलेल्याला हे काम द्यायचे नाही, आणि प्यायलेल्या कोणालाही पाण्यात उतरू द्यायचे नाही. ज्याला मिरगीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्याने खोल पाण्यात पोहणे टाळावे, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. भिडेपोटी गप्प राहणे इथे परवडत नाही.

खोली काय करते

तळ सहा फुटांवर असो की साठ, बुडण्यासाठी नाकावर दोन इंच पाणी पुरते. असे असले तरी खोली काही गोष्टी बदलते.

उन्हाळ्यात धरणाचा वरचा थर तापतो आणि हलका होऊन वरच राहतो. खालचे पाणी गारच असते. छातीला कोमट लागणारे पाणी पायांना थंडगार लागते, आणि उंचावरून उडी मारणारा क्षणात त्या गार थरात जातो. अचानक गारवा लागला की शरीर आपोआप मोठा श्वास आत ओढते. तो श्वास पाण्याखाली ओढला गेला तर पाणीच छातीत जाते. म्हणून पहिल्यांदा उतरताना शिडीने, पायांकडून, सावकाश उतरावे. पहिले मिनिट पोहायचे नाही, होडी धरून श्वास ताब्यात येऊ द्यायचा. अनोळखी पाण्यात सूर तर कधीच मारू नये. गढूळ पाण्याखालची बाभळीची खोडे वरून दिसत नाहीत.

विहिरीच्या तळाची माती काढून आणण्याची पैज आपल्याकडे मुले लावतात. खोल पाण्यात ही पैज जीवघेणी आहे. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि छातीतली हवा निम्म्या जागेत दाबली जाते. हवा आकसली की शरीराची तरंगण्याची शक्ती कमी होते. वर आपोआप तरंगणारा माणूस ठराविक खोलीनंतर आपोआप खाली जाऊ लागतो. परत येण्याचे कष्ट जाण्याच्या कष्टांपेक्षा जास्त पडतात. त्यात बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची सवय आणखी घातक. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि श्वास घेण्याची तळमळ आपल्याला त्या वायूमुळेच होते. तळमळ उशिरा होते, तोवर मेंदूचा प्राणवायू संपतो आणि माणूस काही जाणवण्याआधीच बेशुद्ध होतो.

मालवणच्या समुद्रात सहज उताणा तरंगणारा माणूस उजनीत तरंगताना चाचपडतो, यालाही कारण आहे. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. सत्तर किलोच्या माणसाला त्यातून पावणेदोन किलोच्या आसपास जादा उचल मिळते. डोके चार-पाच किलोचे धरले, तर ही उचल लहान नाही. गोड्या पाण्यात ती मिळत नाही, म्हणून इथे तरंगण्याची मदत बरोबर घ्यावी. पोहणाऱ्याने कमरेला दोरीने रंगीत फुगा किंवा कॅन बांधावा. त्याने हातांना अडथळा येत नाही, दमल्यावर धरता येतो आणि होडीतून डोके शोधणे सोपे जाते. ज्याला नीट पोहता येत नाही त्याने लाइफ जॅकेट घालूनच उतरावे. जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत आणि खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकत असेल तर ते सैल आहे. पाण्यात ते कानांपर्यंत जाईल आणि माणूस खालून निसटेल.

पोटरीत गोळा आला तर झटापट करू नये. उताणे व्हावे, श्वास भरून घ्यावा, पायाचा अंगठा धरून चवडा गुडघ्याकडे ओढावा आणि होडीला हाक द्यावी. दम लागला, भीती वाटली, लाट तोंडात गेली, तरी पहिले काम हेच: उताणे होऊन तरंगणे. पोहणे नंतर.

वळवाचे दिवस

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बुडाली. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले. त्यांना शोधायला एनडीआरएफची पथके आली. २०१७ मध्ये याच जलाशयात सहलीला गेलेल्या डॉक्टरांची होडी उलटली होती आणि चार डॉक्टर बुडाले होते.

कुगावच्या घटनेनंतर ‘पोहता येत होते म्हणून तो वाचला’ असे अनेकांनी म्हटले. ते खरे आहे, पण त्यावर थांबणे बरोबर नाही. पोहणे सात जणांतल्या एकाच्या उपयोगी पडले. अंगात जॅकेट आणि वारा पाहून होडी न सोडण्याचा निर्णय या दोन गोष्टी सातही जणांच्या उपयोगी पडल्या असत्या. वाचण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. लहान मूल, म्हातारा माणूस, साडीतली बाई यांना पोहून काठ गाठायला सांगता येत नाही. सगळ्यांना वाचवते ती आधी केलेली तयारी.

एप्रिल-मेमध्ये वळीव बहुधा दुपारनंतर येतो. दिवसभर उकडते, क्षितिजावर काळे ढग चढतात, वारा एकदम पडतो. ही शांतता फसवी असते. मग धुळीचा पडदा दिसतो, गार झोत येतो आणि पाच-दहा मिनिटांत पाणी उसळू लागते. रुंद जलाशयावर वाऱ्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. लाटा समुद्रासारख्या लांब नसतात, आखूड आणि उभ्या असतात, त्यामुळे बसक्या होडीत भराभर पाणी शिरते. त्या दिवसांत पोहणे सकाळीच उरकावे. ढग चढताना दिसले की सगळ्यांना वर घ्यावे. पहिला गडगडाट ऐकू आला की पाण्यातून आणि पाण्यावरून बाहेर पडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास परत उतरू नये.

होडी उलटलीच आणि तरंगत असेल तर तिला सोडू नये. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. शोधणाऱ्यांना पालथी होडी दिसते, एकटे डोके दिसत नाही.

बुडणारा माणूस कसा दिसतो

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो असे आपण सिनेमात पाहिले आहे. प्रत्यक्षात बुडणे बहुतेक वेळा मुके असते. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला श्वासच उरत नाही. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या रेषेवर, शरीर उभे, पाय हलत नाहीत, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात. दुरून तो खेळतोय असे वाटते. अशा अवस्थेत माणूस एक मिनिटही टिकेल याची खात्री नसते. ‘बरा आहेस ना रे?’ असे विचारावे. उत्तर आले नाही तर लगेच हालचाल करावी.

हालचाल म्हणजे उडी नव्हे. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याच्यावर चढतो आणि वाचवायला गेलेल्यालाही खाली नेतो. एकामागोमाग दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्या यातूनच. आधी काठी किंवा वल्हे पुढे करावे. ते पोहोचत नसेल तर दोर बांधलेला कॅन फेकावा. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवले तर तो वाऱ्याने भरकटत नाही. फेकायचा तो माणसाच्या डोक्याच्या थोडा पलीकडे, म्हणजे दोर त्याच्या हातावर येतो. मग आपण होडीत खाली बसून ओढायचे. तेही जमत नसेल तर होडी त्याच्याकडे न्यायची.

वर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगणे, पालथे घालून पोट दाबणे, गरगर फिरवणे यांत मोलाची मिनिटे जातात, आणि पोटातले पाणी वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. त्याला आधी श्वास हवा. उताणे झोपवावे, कपाळ मागे आणि हनुवटी वर करावी, नाक चिमटून तोंडाने तोंडात पाच वेळा श्वास द्यावा, इतका की छाती वर उचललेली दिसेल. मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावावा. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यावे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

उतरण्याआधी

शिरूर तालुक्यातल्या एमआयडीसीत कामाला आलेली तरुण मुले सुट्टीला भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडे फ्लेमिंगो पाहायला जातात, होडीत बसतात आणि पाणी पाहून त्यांना मोह होतो. तो मोह चुकीचा नाही. मोकळ्या पाण्यात पोहण्यासारखा आनंद थोडा आहे आणि भीमेकाठच्या मुलांना तो मिळालाच पाहिजे. त्यासाठी विहिरीतल्या शिक्षणात दोन धडे वाढवावेत: पाच मिनिटे हातपाय न मारता उताणे तरंगणे आणि शिडीशिवाय होडीत चढणे. शाळा, तालीम मंडळे, गणेशोत्सवाची मंडळे, कारखान्यांचे सुरक्षा विभाग यांना एका उन्हाळ्यात शिकवता येतील असे हे धडे आहेत. होडीवाल्यांनीही प्रत्येक होडीत माणसागणिक जॅकेट, वीस मीटर दोर, एक कॅन आणि पायाचा फास ठेवावा. गिऱ्हाइकाने बसण्याआधी या चार वस्तू मागून पाहाव्यात आणि नसतील तर बसू नये. मागणी आली की वस्तू येतात.

आणि प्रत्येकाने स्वतःसाठी एक परीक्षा ठेवावी. होडी काठाजवळ, छातीभर पाण्यात असतानाच, तळाला पाय न टेकवता एकदा तिच्यात चढून दाखवायचे. दमलेले नसताना, वारा नसताना, माणसे शेजारी असताना ज्याला चढता आले नाही, त्याला मध्यावर दमल्यावर चढता येणार नाही. त्याने त्या दिवशी होडीतूनच पाणी पाहावे, काठाजवळ सराव करावा आणि चढता आले की मगच खोल पाण्यात उतरावे. मित्रांनी त्याची थट्टा करू नये. तो सगळ्यांत शहाणा आहे.